कोतवालाच्या बहिणीच्या हातावरचं चिनी अक्षर

अन्याय झाला तो एका कोतवालाच्या विधवा बहिणीवर. कधी झाला, तेही सांगतो: १९५९ च्या दिवाळीत, भाऊबीज होऊन गेल्यावर, गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी दुपारी. गाव नवेगाव बांधाच्या पलीकडचं. बाईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, एक चिनी अक्षर गोंदलेलं होतं. ते घालवायला तिच्या सख्ख्या भावानं त्यावर बिब्याचं तेल घातलं. हुकूम पाटलाचा, हात भावाचा, आणि ओसरीवरून बघणारे लोक तुमच्या-माझ्यासारखेच.

नावं मी देत नाही. पाटलाला भिऊन नव्हे. बाईला त्याच गावात राहायचं आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. बिडी कामगारांची मजुरी, आमच्या वस्तीची विहीर, असल्या गोष्टी अर्ध्या पानात बसवायची मला सवय आहे. ही बसली नाही. ते अक्षर इथं छापलं असतं, पण आमच्या छापखान्यात त्याचा खिळा नाही. म्हणून शब्दांनीच सांगतो. डाव्या बाजूला वर एक ढिगारा, त्याच्या खाली पाऊल, आणि उजव्या बाजूला उभा झाडू. रेघा इतक्या की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं वाटावं.

ज्यानं ते अक्षर तिला दिलं तो तिचा नवरा. गोंदियाच्या बाजारात, स्टेशनकडून येताना, त्याचं दात बसवायचं दुकान होतं. पाटीवर लालभडक हिरड्यांचा जबडा रंगवलेला, आत एक खुर्ची, आणि काचेच्या बरणीत लोकांचे काढलेले दात. पोरं ती बरणी पाहायला दारात उभी राहत. सगळे त्याला 'चीनी डाक्टर' म्हणत. तो कलकत्त्याहून मुंबईला निघाला होता म्हणे. डब्यात एका माणसाची दाढ ठणकत होती, ती त्यानं गोंदियाच्या फलाटावर बसून काढून दिली. "गाडी गया, गिराइक रहा," असं तो सांगायचा आणि हसताना स्वतःचे वाकडे दात हातानं झाकायचा. इतरांना मोत्यासारखे दात बसवणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात असे, यावर बिडी कारखान्यामागच्या आमच्या लाईनीतल्या बाया त्याला कधी सोडायच्या नाहीत.

त्याची बायको आमच्याच लोकांतली. माझ्या आईबरोबर बिड्या वळायची, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. दाढ दाखवायला गेली आणि तिथंच राहिली, असं लोक बोलत. ती त्यावर म्हणायची, "दाढ काढाचे पैसे नव्हते माह्याजवळ. मंग का करू?" त्यांना मूल झालं नाही. दिवाळी जवळ आली की दोघं मिळून रंगीत कागदाची फुलं करायची. त्याच्या मुलखात दात बसवणारे लोक हे कामही करतात, असं तो सांगे. ती फुलं टोपल्यात घालून मावशी मंडईच्या गावोगाव विकत फिरायची. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई असते. तिच्या फुलांशिवाय दंडारीतल्या, म्हणजे मंडईतल्या नाचगाण्याच्या खेळातल्या, नाच्याचा फेटा पुरा होत नसे.

१९५६ साली आमचे लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. लाईनीत संध्याकाळी वंदना सुरू झाली. पाली कुणाला येत होतं? एक म्हणायचा, बाकीचे मागून ओढायचे. चीनी डाक्टर दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं मला बोलावलं.

"ये शरण क्या होता है?"

मी म्हणालो, माणसाला दुसरीकडे कुठं जागा नसली की तो जिथं जाऊन टेकतो, ते शरण.

तो आत गेला. कुंचला आणि शाई घेऊन आला आणि जुन्या वर्तमानपत्रावर त्यानं ते अक्षर काढलं. आमच्या म्हाताऱ्यांना दाखवून म्हणाला, "हमारे उधर भी बुद्ध के सामने यही बोलते हैं. यही अक्षर." म्हाताऱ्यांनी कागद हातोहात फिरवून पाहिला. ज्या धर्मात काल-परवा शिरलो, त्याला इतक्या लांबचे सोयरे आहेत, हे त्यांना त्या कागदावर दिसलं. तो कागद कितीतरी दिवस विहारातल्या भिंतीवर होता.

मला अर्थातच पत्रक सुचलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलो. म्हटलं, नीट सांगा, या अक्षराचा अर्थ शरण, एवढंच ना? तो म्हणाला, नाही. पहिला अर्थ परत येणं. शेतातून घरी, परदेशातून गावी. जुन्या लिखाणात आणखी एक अर्थ आहे, मुलीनं लग्न होऊन नवऱ्याच्या घरी जाणं. आणि माणूस मेला तरी हेच अक्षर. मातीतून आला, मातीकडे परत गेला.

मावशी मागं बसून कागदाच्या पाकळ्या कापत होती. म्हणाली, "नवऱ्याच्या घरी जानं म्हंजे परत येनं? मंग मायबापाच्या घरी का मी भाड्यानं होतो?"

"वैसाच लिखा है," तो म्हणाला. मग त्यानं बोटानं झाडू दाखवला. हा झाडू म्हणजे घरची बाई, असं त्यांचे जुने पंडित सांगतात.

"पाहा वं माय! चीनमंधीबी झाडू बाईच्याच हाती!"

उच्चाराचंही तसंच. तो स्वतः 'क्वेइ' म्हणायचा. कलकत्त्याला जोडे शिवणारे त्याचे देशबंधू 'क्वी' म्हणतात, आणि कँटनकडचे सुतार 'ग्वाय'. बोलले तर एकमेकांचं कळत नाही, लिहिलं की तिघांनाही कळतं. मी म्हटलं, मग बरोबर कुणाचं? त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू सगळ्या लोकांत खरे दात एकट्या कुणाचे, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "मुँह अलग है. अक्षर का क्या कसूर?" आणि अर्थ कसा ओळखायचा? "आगे-पीछे देखना पड़ता है."

मागचं-पुढचं पाहायची सवय आपल्या राज्यात कुणाला नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुढच्या महाशिवरात्रीला मावशी नागऱ्याच्या यात्रेला गेली आणि ते अक्षर हातावर गोंदवून आली. विहारातल्या पुढाऱ्यांनी तिला झापलं. दीक्षा घेतलेल्या बाईनं शंकराच्या यात्रेत जावं? आणि गोंदण तर जुनी अंधश्रद्धा! ती म्हणाली, "गोंदनारी तेथंच बसते. मी तिले विहारात बोलावू का?" नवऱ्यानं सकाळी घरीच कुंचल्यानं हातावर अक्षर काढून दिलं होतं, वाळू दिलं होतं, आणि गोंदणारणीनं त्यावरून सुया टोचल्या होत्या. आमच्याकडच्या बाया मानतात की सोनंनाणं मसणाच्या अलीकडेच काढून घेतात, गोंदण तेवढं संगं जातं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मी न मानल्यानं तिचं मानणं कमी होत नाही, एवढं मला कळतं.

१९५८ च्या पावसाळ्यात चीनी डाक्टर तापानं गेला. त्याला पुरायला जागा मिळेना. ख्रिस्ती म्हणाले आमचा नव्हे, मुसलमान म्हणाले आमचा नव्हे. शेवटी आमच्या लोकांनी नाल्याच्या काठी, जिथं आमची माणसं ठेवतात तिथं त्याला ठेवला. वर दगड नाही. पुढच्या पुरात ती काठाची माती गेली. बायांनी मावशीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, रिवाजाप्रमाणे जे जे काढता येतं ते काढलं. हातावरचं अक्षर काढता येत नव्हतं. त्याची आणि तिची गाठ होती याची तेवढीच खूण मागं उरली. दुकान घरमालकानं भाड्यापायी घेतलं, आणि ती भावाकडे गावी गेली.

भाऊ त्या गावचा कोतवाल. कोतवाल म्हणजे पाटलाचा हुकूम दारोदार पोचवणारा माणूस. त्यानं बहिणीला घेतलं, ओसरीच्या टोकाला जागा दिली. ती बिड्या वळायची आणि दिवाळीला एकटीच फुलं करायची. वर्षभर कुणी तिच्या हाताकडे पाहिलं नाही. पाहिलं असलं तरी गावात प्रत्येक बाईचा हात गोंदलेला, त्यात ही एक नक्षी.

१९५९ साली सरहद्दीच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागल्या. वर्तमानपत्र त्या गावात एकच, पाटलाकडे, तेही शिळं. दिवाळीत मंडईच्या बंदोबस्ताची जागा पाहायला एक शिपाई आला. कोतवालाकडे पाणी प्यायला थांबला. पाणी देणाऱ्या हातावर त्यानं ते पाहिलं आणि हसून म्हणाला, "ये चीन की चिट्ठी कौन लाया?" थट्टाच केली त्यानं. पाणी प्याला आणि गेला. पण संध्याकाळी पाटलाच्या वाड्यावर पोचेपर्यंत त्या थट्टेची चौकशी बनली होती. पाटलानं कोतवालाला बोलावलं. मंडईला बाहेरगावचे लोक येतील, फौजदार येईल, त्याच्या आत बहिणीच्या हातावरचं ते गेलं पाहिजे, नाहीतर कोतवाली गेली समज.

आणि मग ती दुपार. बिबा काय असतो, हे आपल्याकडे सांगायला नको. परीट त्यानं कपड्यावर खूण करतो, ती कपडा फाटला तरी जात नाही. तो कातडीवर उतला की माणूस आठ-आठ दिवस कण्हतो. भावानं बिबा तापवला. बाभळीचा काटा घेतला. तिनं हात मागे ओढला नाही, असं शेजारीण सांगत होती. तिनं एवढंच विचारलं, "दादा, तू करून राहिला का पाटील करून राहिला?" तो म्हणाला, "मीच करून राहिलो. दुसऱ्याले करू देऊ का?"

मी मंडईच्या दिवशी सायकलनं पोचलो तेव्हा ती फुलांचं टोपलं पुढे घेऊन बसली होती. हात पळसाच्या पानात गुंडाळलेला, बोटं लाकडासारखी सुजलेली. फुलं दुसऱ्या हातानं देत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "हळू बोल बाबू, गिऱ्हाईक जाते." मी तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मलम दिलं, नाक मुरडलं आणि विचारलं की तुमच्या लोकांत हे अजून चालतं का. चालतं हो डॉक्टर. हुकूम वरून येतो, चालतं खाली.

पुढं महिनाभरानं पुन्हा गेलो. जखम भरली होती. आणि तिच्या हातावर ते अक्षर उभं होतं. आधी हिरवट-निळं, कातडीच्या आत होतं. आता पांढरं, कातडीच्या वर, वळासारखं फुगलेलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता येईल असं. ढिगारा, पाऊल, झाडू, सगळं. बिब्यानं आजूबाजूला काही केलंच नव्हतं.

मी कोतवालाकडे पाहिलं. तो गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता.

"मी रेघारेघांवरूनच काटा फिरवलो गा," तो म्हणाला. "सारा हात काऊन जाळू? माही बहीन होय ते."

त्यानं दया केली होती. हुकुमाच्या आत राहून जेवढी करता येते तेवढी. निळी रेघ आहे तेवढीच जाळावी, बाकीची कातडी वाचवावी. दयेनं अक्षर आणखी ठळक झालं. बहीण त्याच्यावर रागावली नाही, हे मला त्या दयेहून जास्त लागलं.

पाटलाला मात्र हे बंडच वाटलं. कोतवालानं आमच्या डोळ्यांत धूळ फेकली, अक्षर पुन्हा काढलं! चावडीवर बोलावणं आलं. मी गावातच होतो, मीही गेलो.

"काय लिवलं आहे त्याच्यात?" पाटलानं विचारलं.

"परत ये," मावशी म्हणाली.

कोतवाल घाईघाईनं म्हणाला, "नाही पाटील, शरन. बुद्धाचं शरन. देवाधर्माचं आहे."

शेजारणीला साक्षीला आणलं होतं. ती बिचारी मदत म्हणूनच बोलली, "मले तं हे म्हनत होती का सासरी जानं."

"आनं वाचतात कसं?"

"क्वेइ," मावशी म्हणाली.

"मी गोंदियाले ग्वाय ऐकलो होतो," कोतवाल म्हणाला, आणि जीभ चावली.

पाटील हसला. "तीन तोंडं, तीन अर्थ. उच्चारबी दोन. हे तं चोराचं नाव झालं, या गावात एक, त्या गावात दुसरं. मले एकच अर्थ सांगा. वरून इचारलं तं मी काय लिहून देऊ?"

मी उभा राहिलो. जे त्या दुकानात ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. परत येणं, शरण, सासर, मरण, मागचं-पुढचं पाहून अर्थ लावतात तेही. लोक ऐकत होते. मग पाटील म्हणाला, "म्हंजे तुले बी एक अर्थ माहीत नाही."

मी विचारलं, "पाटील, तुमचे वाडवडील कुठले?"

"माळव्याचे," तो अभिमानानं म्हणाला.

"मग परत कधी जाता?"

चावडीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. पाटील म्हणाला, "आमाले येऊन पिढ्या झाल्या."

"तिच्या अक्षराला येऊन तीन वर्षं झाली. किती पिढ्या झाल्या म्हणजे चालतं, तेवढं सांगा. आम्ही थांबतो."

पाटील दुष्ट माणूस आहे असं मी म्हणणार नाही, म्हणता आलं असतं तर पत्रक सोपं झालं असतं. तो भ्याला आहे. फौजदाराला भ्याला, फौजदार आणखी कुणाला. त्यानं आपल्या परीनं तोडगाही काढला. म्हणाला, त्यावरून मराठीत नवऱ्याचं नाव गोंद, खर्च मी देतो. गावात वाहवा झाली. मावशीनं पहिल्यांदा मान वर केली.

"त्याले मराठी वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "तिकडं तो मले वळखन कसा?"

कुणी हसलं नाही. पण कुणी बोललंही नाही, आणि न बोलण्याचा फायदा नेहमी खुर्चीवर बसलेल्याला होतो. निकाल झाला: होळीपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत सगळा हात बिब्यानं पुसायचा, नाहीतर बाईनं गाव सोडायचं. दोन्ही नाही झालं तर कोतवाली दुसऱ्याला.

तिला जायला दुसरं गाव नाही. आताच तिच्या डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. बिडी सैल वळली जाते, ठेकेदार छाटून बाजूला टाकतो. सगळा हात जळला तर बिडी संपली, आणि बिडी संपली की खाणं संपलं. ही गोष्ट चावडीतल्या प्रत्येकाला कळत होती.

मी तहसिलीत गेलो. कारकून म्हणाला, भावानं केलंय, घरातली बाब आहे. आणि त्या अक्षराचा अर्थ एखाद्या अधिकारी माणसाकडून लिहून आणा, मग बघू. गोंदियात तो अर्थ सांगणारा एकच माणूस होता. त्याची माती नाल्यानं नेली, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग कठीण आहे.

आमच्या विहाराच्या पुढाऱ्यांकडे गेलो. त्यांच्याकडून जास्त आशा होती, म्हणून त्यांच्यावर राग जास्त. ते म्हणाले, दिवस वाईट आहेत, आपल्या लोकांवर आधीच नजर आहे, आणि गोंदण तसंही चुकीचंच. भिंतीवरचा तो कागदही त्यांनी काढून टाकला होता. कुणी काढा म्हटलं नव्हतं.

आता माघ चालू आहे. होळीला फार दिवस नाहीत. कोतवाल बहिणीला भाकर वाढतो, तिच्याशी बोलत नाही. परवा मी गेलो तेव्हा म्हणाला, "बाबू, तूच सांग, मी का करू?" मी त्याला भाषण दिलं नाही. माझ्याकडे होतं, पण तोंडातून निघालं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, वाचणाऱ्यांनो. हळहळू नका, हळहळीनं कोतवालाची नोकरी वाचत नाही. अर्थही विचारत बसू नका. तिच्या हातावर काय लिहिलंय हे कळलं नाही म्हणून तिचा हात जाळायचा हक्क कुणाला मिळत नाही, एवढं कळलं तरी पुरे. होळीच्या दिवशी सकाळी त्या गावात या. गावाचं नाव इथं दिलेलं नाही, गोंदियात बिडी कारखान्यामागच्या लाईनीत येऊन मला विचारा, मी स्वतः घेऊन जातो. कोतवालाच्या ओसरीवर येऊन बसा, आणि पाटलाचा माणूस आला तरी उठू नका. शेतकरी असाल तर या, मास्तर असाल तर या, विहाराचे पुढारी असाल तर आधी या. येता की नाही, तेवढं सांगा.